पिठावरचं पाऊल

भटवाडी, घाटकोपर
ता. १८ ऑक्टोबर १९८५

प्रिय शुभा हिस,
स.न.वि.वि.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नाही, तो विसरले म्हणून नव्हे. बाबांचं तेरावं होऊन अकरा दिवस झाले, तरी हात धजत नाही. तू कुडाळला पोचल्याचं कार्ड मिळालं. शाळेत रुजू झालीस, वह्यांचे गठ्ठे तपासायचे पडलेत, हे वाचून बरं वाटलं. कामात असलीस म्हणजे रडायला सवड नाही. इथे मात्र सवडच सवड आहे.

सध्या हिरव्या तुडतुड्यांनी जीव नकोसा केलाय. बाबा असते तर ट्यूबलाइटखाली तेलाचा कागद टांगून मोकळे झाले असते. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की दिवा बंद करा. आता अंधारात आमटीतला किडा कोणता आणि मोहरी कोणती, हे कोण ओळखणार? मेघा रोज विचारते, किडे दिव्याकडे का येतात? तुझ्या दादांनी सांगितलं, मूर्ख असतात म्हणून. पोरीला ते पटलेलं नाही. तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी सविस्तर उत्तर पाठवावं, असा तिचा हुकूम आहे. आठ वर्षांची आहे पण हुकूम तुझ्यासारखाच सोडते.

आता आईंचं. तू इथे होतीस, सगळं पाहिलंस, तरी पुन्हा लिहिते, कारण या घरात दिवसातून चारदा याचंच पारायण चालतं. बाबांनी एकतीस वर्षं पालिकेचा पंप पाठीवर घेऊन डास मारले, तेव्हा देव यांना पुढच्या जन्मी किडाच करणार, असं आई त्यांना आयुष्यभर चिडवत आल्या. बाबा गेल्यावर त्या थट्टेचीच त्यांनी धास्ती घेतली. बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी, बाबांनी प्राण सोडला त्या जागी आपल्या रीतीने दिवा ठेवला, भोवती तांदळाचं पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला. आई रात्रभर देवाला सांगत होत्या की काहीही कर पण किडा करू नकोस. आणि सकाळी टोपली उचलली तर तान्ह्या बाळाचं पाऊल, पाचही बोटांसकट! आईंचा तेव्हाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बारा दिवसांनी त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

तर आता दुसरी बातमी. मला दिवस गेलेत. त्या सकाळी मला संशय होता पण कुणापाशी बोलले नव्हते. तू गेल्यावर चार दिवसांनी सांगितलं. आईंनी माझ्या पोटाला हात लावून नमस्कार केला गं, मला काय करावं ते कळेना. तृप्ती झाली तेव्हा याच बाईने तिसऱ्या दिवशी मला नळावर पाठवलं होतं, आणि आता मुली पुरे म्हणून तिचं नावही त्यांनीच ठेवलं होतं. आता मला कळशी उचलू देत नाहीत. रात्री दूध आणून देतात, आणि मी पीत असताना समोर बसून राहतात. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला या घरात बसून चहा मिळतो, तर मी तो पिणार. तू खुशाल हस.

घरातलं एक माणूस कमी झालं, म्हणून लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
वनमाला


कुडाळ
ता. २५ ऑक्टोबर १९८५

सौ. वहिनीस,
सा.न.वि.वि.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. तुझी बातमी वाचून हसू की रडू असं झालं. प्रकृती सांभाळ. चहा बसून पी, मी कशाला हसू?

मेघाच्या हुकमाची अंमलबजावणी करते. मेघा, रात्री उडणारे किडे चंद्राच्या आधाराने सरळ उडतात. चंद्र फार लांब आहे, म्हणून कितीही उडलं तरी तो एकाच बाजूला राहतो. दिवा असतो जवळ. त्याला एका बाजूला धरून उडायला गेलं की सारखं वळावं लागतं, आणि वळता वळता किडा दिव्यावरच येऊन आपटतो. पुस्तकात असं आहे आणि मी वर्गात असंच शिकवते. तुझ्या आजोबांना मात्र हे कधी पटलं नाही. मी बी.एस्सी.ला असताना त्यांना मोठ्या तोऱ्यात हे समजावून सांगितलं, तर म्हणाले की पुस्तक लिहिणारा गटारावर कंदील घेऊन उभा राहिला होता काय? त्यांनी उभं राहून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं, किडो दिव्याकडे तोंड करणा नाय, पाठ करता. जिकडे उजेड ती वरची बाजू, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक. आभाळ नेहमी वरच असतं, त्यामुळे त्याचं कधी चुकलं नाही. माणसाने मधेच दिवा टांगला आणि बिचाऱ्याला वर कुठलं, खाली कुठलं तेच कळेनासं झालं. दिव्याची आवड वगैरे काही नाही, तो फसतो. मेघा, तुला दोन्हींतलं कुठलं खरं वाटतं ते ट्यूबलाइटखाली उभी राहून बघ आणि मला कळव. मला आताशा आजोबांचंच खरं वाटायला लागलंय.

वहिनी, एक सांगू का? आईला त्या पावलावरून फार चढू देऊ नकोस. पीठ ते शेवटी पीठ. वाऱ्याने हलतं, उंदीर-झुरळ फिरतं. आपण बघू तसं दिसतं. आईला आता काही बोलायचा धीर होत नाही, इतकी ती खूश आहे, पण मला रात्री झोप नाही. दिवाळीच्या सुट्टीत येतेच आहे. यंदा सण नाही, फराळ नाही, पण आठ दिवस तुझ्याजवळ बसता येईल.

मुलींना पापा. मी लांब आहे, तेव्हा माझ्या वाटणीचा लोभ तिथेच माझ्या नावावर राहू दे.

तुझी,
शुभा


भटवाडी, घाटकोपर
ता. २४ नोव्हेंबर १९८५

चि. शुभा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

आजी सांगते आणि मी लिहिते आहे. मी म्हणजे मेघा. आजी म्हणते, तू दिवाळीत आठ दिवस राहून गेलीस पण गप्प गप्प होतीस. काही खुपत असेल तर सांगायचं होतंस. आजीला वाटतं तुझं लग्न राहिलं म्हणून तू अशी झालीस. तिने भाऊ मास्तरांना स्थळ बघायला सांगितलं आहे.

आईची तब्येत चांगली आहे. आजी म्हणते, पोट पुढे आहे म्हणजे नक्की तेच येणार. आजोबांची टोपी आणि चष्मा आजीने धुऊन पुसून ठेवलाय. पंपाचा पट्टा पण ठेवलाय. आजी म्हणते, बाळाला सांगायचं की बाबा रे, आता पुन्हा ती नोकरी करू नको.

आता हे मी माझ्या मनाने लिहिते. मी आजीला विचारलं की बाळ म्हणजे आजोबा, तर मी आधी कोण होते? आजी म्हणाली तू आपली अशीच आलीस. मी विचारलं आणि तृप्ती? तर म्हणाली ती पण. आत्या, अशीच म्हणजे कशी? मी ट्यूबलाइटखाली बघितलं. आजोबांचं खरं आहे. किडा पाठ करतो.

आजी म्हणते पुरे आता, कागद संपला. तिचा आशीर्वाद आणि माझा नमस्कार. आमच्यावर राग धरू नकोस, लवकर ये.

आजीची निशाणी अंगठा.
लिहिणार मेघा


भटवाडी, घाटकोपर
ता. ९ डिसेंबर १९८५

प्रिय शुभा हिस,
स.न.वि.वि.

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत, उत्तर लिहायला उशीर झाला. कारण आळस. आई मला इतकं बसवून ठेवतात की बसायचीच सवय लागली.

मेघाच्या पत्राने तुला वाईट वाटलं असेल. तिला मी समजावलंय. ती हल्ली ताटलीत मेणबत्ती लावून किडे मोजते आणि वहीत लिहिते. घरात एक शुभा होती ती गेली, दुसरी तयार होते आहे.

परवा इथे थोडं वाजलं. ह्यांच्या कांजूरमार्गच्या कंपनीत श्यामकांत म्हणून कुणी आहेत, त्यांनी ह्यांच्या डोक्यात घातलं की पोटात सुई घालून पाणी तपासतात आणि मुलगा की मुलगी ते आधीच सांगतात. तृप्तीच्या वेळीही ह्यांनी असंच काहीसं काढलं होतं, तेव्हा ते दवाखाने इतके नव्हते म्हणून राहिलं. आता ऐकलं मात्र, आई ताडकन उठून उभ्या राहिल्या. ह्येंच्या अंगाक सुई लावूक देवचंय नाय, म्हणाल्या. तपासायचं काय त्यात, पिठावर पाऊल आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. विषय तिथेच संपला.

शुभा, त्या पावलाचे माझ्यावर फार उपकार आहेत. मे महिन्यापर्यंत ते तसंच राहू दे, कुणी त्यावर फुंकर घालू नये, एवढंच माझं मागणं आहे. पुढचं पुढे. पदरात पडलं की पडलं, मग ते कुणाला परत करता येत नाही. तू समजूतदार आहेस.

पत्र ह्यांच्याजवळ टपालात टाकायला देते आहे, ते कामाला निघालेत आणि दारात उभे राहून घाई करतायत, म्हणून आवरतं घेते. माया आहे ती ठेव, वाढवली नाहीस तरी चालेल.

तुझी,
वनमाला


कुडाळ
ता. १४ डिसेंबर १९८५

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि.

हे पत्र तुला एकट्याला आहे. घरच्या पत्त्यावर न पाठवता कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे, त्यावरून तू समजशीलच.

दादा, पिठावरचं ते पाऊल मी काढलं.

दिव्यात तेल घालायला म्हणून मी पहाटे उठले. आई दोन दिवस जागी होती, तिला नुकताच डोळा लागला होता. टोपली उचलली तर आत सगळे तुडतुडे. टोपलीच्या फटींतून शिरलेले, पंख जळून पिठात पडलेले, काही अजून वळवळत होते. पीठभर त्यांच्या पायांची नक्षी. दुसरं काही नाही, फक्त किडे. मी विज्ञान शिकवते, दिवा म्हटला की किडे येणार हे मला माहीत होतं. पण आई उठून ते बघणार आणि बाबा किडा झाले असं समजून मरेपर्यंत रडणार, हेही माहीत होतं. मी किडे वेचून काढले, पीठ हाताने सारखं केलं, आणि अष्टमीला उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत कृष्णाची पावलं काढतो तशी मूठ वळून एक पाऊल उठवलं. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. अर्ध्या मिनिटाचं काम. आईला बरं वाटावं, याच्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. वहिनीला दिवस गेलेत हे मला कुठे ठाऊक होतं?

दिवाळीत आठ दिवस तोंडाशी येऊन परत जायचं. आई बाबांची टोपी घडी करून ठेवताना मी पाहिली आणि मला बोलवेना. पण आता वहिनीच्या पत्रातसुद्धा त्या पावलाचे उपकार वगैरे आलेत. ती पण या नादाला लागली. हे मला बघवत नाही. उद्या मुलगी झाली तर आई काय करील? त्या पोरीने आजोबांची जागा चोरली, असं जन्मभर तिला ऐकवलं जाईल. मेघाचं पत्र वाचल्यापासून मला घास जात नाही.

तू आईसारखा नाहीस. शिकलेला आहेस. त्या तपासणीचा विषय तू सोडून दिलास असं वहिनीने लिहिलंय, ते वाचून मला तुझा अभिमान वाटला. म्हणून तुझ्याजवळ बोलते. आईला एकदम सांगू नकोस. हळूहळू तिच्या मनाची तयारी कर की पाऊल म्हणजे काही दस्तऐवज नव्हे, मुलगीही होऊ शकते, आणि झाली तर तीही आपलीच. वहिनीला तूच सांभाळून सांग, मला तोंड नाही.

चुकले, पदरात घे. धाकट्या बहिणीवर आहे तो जिव्हाळा राहू दे.

तुझी,
शुभा


कुडाळ
ता. ३ जानेवारी १९८६

सौ. वहिनीस,
सा.न.वि.वि.

महिना होत आला, तुझं कार्डसुद्धा नाही. दादाचंही नाही. सगळे बरे आहात ना? त्याने तुला काही सांगितलं असेल तर माझ्यावर रागावून घे, पण दोन ओळी लिही. शाळेत स्नेहसंमेलन आहे, सुट्टी मिळत नाही, नाहीतर रात्रीची एस.टी. धरून आले असते. मेघाला म्हणावं, आत्या तिच्या वहीची वाट बघते आहे. अबोला धरू नकोस, बाकी काही मागत नाही.

तुझी,
शुभा


भटवाडी, घाटकोपर
ता. १४ जानेवारी १९८६

चि. शुभा हिस,
अ.उ.आ.

तुझे पत्र डिसेंबरातच मिळाले. उत्तरास विलंब झाला, कारण सर्व उरकल्यावर एकदमच लिहावे असे ठरविले होते. काळजीचे कारण नाही.

प्रथम, तू खरे सांगितलेस याबद्दल तुझे आभार मानावे तेवढे थोडे. मी स्वतः त्या ठशावर जवळजवळ विश्वास ठेवून बसलो होतो. शास्त्र शिकलेली बहीण असल्याचा फायदा झाला म्हणायचा. तुझे पत्र मी त्याच संध्याकाळी घरात वाचून दाखविले. तू आईला एकदम सांगू नको लिहिले होतेस, परंतु अशा गोष्टी लांबवून उपयोग नसतो.

आई प्रथम ऐकेना. तिचे म्हणणे की शुभाच्या हाताने ते पाऊल बाबांनीच काढवून घेतले, नाहीतर हिला दिवस गेल्याचे शुभाला माहीत नसताना तिला बाळाचेच पाऊल कसे सुचले? दोन दिवस ती तेच बोलत होती. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्याही मनात शंका आली. मी म्हटले, बाबाच असतील तर सुईने त्यांना काय होणार आहे, आणि नसतील तर आपण कशासाठी थांबायचे? हे तिला पटले.

वीस तारखेला अंधेरीच्या एका दवाखान्यात तपासणी करून घेतली. गेल्या बुधवारी रिपोर्ट आला. मुलगी. उशीर करून चालण्यासारखे नव्हते, शुक्रवारी मोकळे झालो. वनमालेने कागदावर सही केली, काही हरकत घेतली नाही. तिची प्रकृती ठीक आहे, कालपासून घरातले बघू लागली आहे. आई म्हणते की हे ते नव्हतेच, वाटेत दुसरेच कोणी शिरले होते, आणि ते पुढच्या खेपेस येतील. तिचे समाधान आहे ना, मग झाले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे वेळेवर निर्णय घेता आला. आज संक्रांत, परंतु यंदा आपल्याकडे सण नाही, म्हणून तिळगूळ पाठवीत नाही. पत्र पाठवीत जा, भावाचा लोभ तुला आहेच.

तुझा,
चंद्रप्रकाश


घाटकोपर
ता. २२ जानेवारी १९८६

शुभा हिस,

मायना लिहायला घेतला आणि सोडून दिला. हे पत्र नळावरून येताना स्वतः पेटीत टाकणार आहे. तुझ्या दादाच्या हातात दिलेलं नाही. आजवरची सगळी पत्रं त्याच्या हातात, उघडी, द्यावी लागायची. त्यात मी याहून स्पष्ट काय लिहिणार होते? तुला कळेल असं वाटलं होतं. शिकलेली माणसं ओळींच्या मधलं वाचतात असं ऐकून होते.

त्या पहाटे मी जागी होते. उलटीची भावना झाली म्हणून मोरीपाशी गेले होते, आणि दाराआड उभी होते. तू माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. तू किडे वेचलेस, पीठ सारखं केलंस, मूठ वळलीस. मी सगळं पाहिलं. आधी वाटलं, तुला हाक मारावी आणि दोघींनी हसावं. मग तू उठलीस, मी परत अंथरुणावर जाऊन पडले. टोपली उचलल्यावर आई ओरडल्या आणि मी दचकून उठल्यासारखं केलं.

तू गेल्यावरही चार दिवस विचार केला, मग दिवस गेल्याचं सांगितलं. माझ्या पोटात तिसरीही मुलगी असेल याची मला धास्ती होती, आणि ती सुई आता गल्लोगल्ली झालीय हेही ठाऊक होतं. तुझ्या खोट्या पावलामुळे आई स्वतःच दारात आडव्या झाल्या. मला एका शब्दाने भांडावं लागलं नाही. मेमध्ये मुलगी झाली असती तर आई रडल्या असत्या, मला बोलल्या असत्या, तिचं नाव काहीतरी नकोसं ठेवलं असतं. पण ती असती. मेघा आणि तृप्ती अशाच आल्या आणि वाढतातच आहेत की नाही? तशी तीही वाढली असती. दोन महिने मी आईंबरोबर त्या पावलाच्या पाया पडले शुभा, ते खोटं आहे हे ठाऊक असून पडले. मला त्यात लाज वाटली नाही.

तुझं पत्र तुझ्या दादाने जेवायला बसल्यावर वाचून दाखवलं. तू किती चांगली आहेस हे त्यात सगळ्यांना कळलं. सही करताना मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही, पेन माझ्याच हातात दिलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दोन पोरी घेऊन कुठे गेले असते? माहेरी माझ्या भावाच्या, नंदकिशोरच्या, दीड खोलीत आधीच सहा माणसं आहेत. तुझ्याकडे आले असते तर तू दार उघडलं असतंस, हे मला माहीत आहे. पण तेव्हा मला तुझं तोंड बघवलं नसतं.

आईंचं दूध बंद झालं. तिसऱ्या दिवशी मी नळावर होते. टोपी आणि चष्मा पुन्हा कपाटात गेला. आई मात्र माझ्याकडे बघत नाहीत. परवा मला म्हणाल्या की तो ठसा शुभाने काढला हे तुला माहीत होतं का? मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यांनाही ते खोटंच हवं होतं, असं मला वाटतं, पण हे आता कुणी कुणाला सांगायचं?

तुझ्या मनात येईल की तुझा हेतू चांगला होता. होता. दोन्ही वेळा होता. पण खोटं करताना तू मला विचारलं नाहीस आणि खरं सांगतानाही विचारलं नाहीस. पोट माझं होतं.

काल तिचा बारावा दिवस होता. तिच्यासाठी कुणी काही करणार नव्हतं, म्हणून परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याखाली परातीत तांदळाचं पीठ पसरलं, मध्ये दिवा ठेवला आणि वर रोवळी पालथी घातली. सकाळी उचलून पाहिली. थंडीत किडेसुद्धा नसतात. पीठ जसं पसरलं होतं तसं कोरं होतं. मेघा उठून मागे येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, कुणाचं पाऊल आलं? मी सांगितलं की कुणी आलंच नव्हतं.

मग ते पीठ मळून भाकऱ्या केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. चांगल्या मऊ झाल्या होत्या, तुझ्या दादाने एक जास्त मागून घेतली.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस, ते त्याच्याच हातात पडेल.

वनमाला